आर्गिरिससाठी गहू

किमोलोस
रविवार, ४ ऑगस्ट

प्रिय आर्गिरी,

दर वर्षी तुझं कार्ड येतं आणि मग मी लिहिते. या वेळी पुढच्या कार्डाची वाट न बघता लिहायला बसले आहे. बसले कसली, एक ओळ लिहिते, उठते, बाल्कनीत जाऊन येते, पुन्हा खुर्चीच्या टोकावर टेकते. झुळूक कागद उडवते म्हणून वर मिठाची पिशवी ठेवली आहे. आई आत झोपली आहे, नाहीतर झोपेचं सोंग घेऊन पडली आहे. काल संध्याकाळपासून ती माझ्याशी बोललेली नाही. काय झालं ते तुला पहिल्यापासून सांगते, कारण शेवट आधी सांगितला तर तू पुढचं वाचणार नाहीस. तुला मी पुरती ओळखते.

आम्ही दोघी सुट्टीला आलो आहोत. हस रे, हस. बाबा गेल्यापासून तीन उन्हाळे मी आईच्या मागे लागले होते की चल कुठेतरी, आणि तिचं एकच, सुट्टी काम करणाऱ्याला असते, मला कशाला. या जूनमध्ये मी सहज म्हटलं की किमोलोसला वीस दिवसांसाठी एक खोली मिळते आहे, तर लगेच हो म्हणाली. फक्त एवढंच विचारलं, "तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही ना?" मला वाटलं, बिचारी पोहायच्या कपड्यांना लाजते आहे. घरी पेरामाला आमच्या शेजारणींनी पण मला चिडवलं, की आई या वयात बेटावर काय करणार, नवरा शोधणार का. मी पण हसले. तेव्हा मला काय ठाऊक!

खोली बरी आहे. दोन शेगड्या, गुडघ्याएवढा फ्रीज, त्यात कलिंगड ठेवलं की पाण्याची बाटली बाहेर. त्यामुळे रोज सामान आणावं लागतं. सुपरमार्केट खाली बंदराच्या रस्त्याला आहे, नाव मोठं आणि आत तीनच ओळी. ते कालियोपी नावाची एक बाई चालवते. साठीची असेल, उंच, आवाज बोटीच्या भोंग्यासारखा. कोण काय खातं, कुणाचं लेकरू दात येत असल्याने रडतं, कुठल्या खोलीतल्या पाहुण्यांचं भांडण झालं, हे सगळं तिला टोपलीत पडणाऱ्या सामानावरून कळतं. पहिल्याच दिवशी मी फेटा चीज, कॉफीचं एक लहान पाकीट आणि डासांच्या वड्या ठेवल्या, तर म्हणाली, "नवरा नाही आणि झोपही नाही." मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात?

सोमवारपासून मेल्तेमी, तो आपला उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा, सुटला. बोटी बंद. तुला आठवतं ना, बोटी बंद झाल्या की बेटावर काय होतं? पहिल्या दिवशी लोक म्हणतात, वा, काय लाटा आहेत. दुसऱ्या दिवशी टोमॅटो संपतात. तिसऱ्या दिवशी अथेन्सच्या बायका शेवटच्या दह्यासाठी एकमेकींकडे अशा बघतात की विचारू नकोस. मी पण त्यांतलीच. दिवसातून तीनदा खाली जायचे, रिकाम्या फळ्या बघायचे, नको असलेली मॅकरोनी घेऊन वर यायचे. समुद्र समोर आणि पाय एकदाही बुडवला नाही. या वाऱ्यात जीव कसा खालीवर होतो, काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं आणि काय ते सापडत नाही.

आणि आई? आई माझ्याहून जास्त खेपा घालायची. एकटी. मी बरोबर निघाले की म्हणायची, तू पड जरा, मी येते पाय मोकळे करून. ती काय आणते याकडे मी लक्षच दिलं नाही, ही माझी चूक. काळ्या पिशवीतून मनुका निघाल्या, मी म्हटलं, उपवास जवळ आलाय, साठवत असेल. एक ऑगस्टपासून पंधराच्या देवमातेच्या सणापर्यंत ती दूध-चीजला शिवत नाही, हे तर तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तीळ आले. मग पिठीसाखर. मग दालचिनी. तुकड्या-तुकड्याने आणत होती, एखादी बाई नवऱ्यापासून लपवून साडेतीन मीटर कापड आणते तशी.

बुधवारी मात्र मी तिच्या मागोमाग पोचले. ती काउंटरपाशी उभी होती आणि कालियोपीला विचारत होती की अजमोदा मिळेल का. मिळेल कुठून, पाला तर मंगळवारपासूनच नव्हता. कालियोपीने ढकलगाडीत बघितलं. एक किलो सोललेले गहू, पांढरे साखर लावलेले बदाम, आणि एक इवलीशी पिशवी, चंदेरी गोळ्यांची. आपल्यात कुणाला सांगावं लागतं का रे हे सामान कशाचं ते? नऊ वर्षांचं पोर ओळखेल. मेलेल्या माणसाच्या नावाने गोड गव्हाच्या कोलिवाचं ताट मांडायचं असलं की हे सामान घेतात. माझ्या मागे रांगेत चार-पाच माणसं होती. कालियोपीचा तो भोंगा एकदम खाली आला. "तुम्हाला आयुष्य लाभो, बाई. कुणासाठी?" मला वाटलं, आई म्हणेल, माझ्या नवऱ्यासाठी. बाबांचं तर आम्ही दर वर्षी करतोच.

आई म्हणाली, "माझ्या मुलासाठी. आर्गिरिससाठी."

मी तिथेच उभी राहिले. हातात साबणाची वडी होती. कालियोपी काउंटरमागून बाहेर आली, आईला मिठी मारली, आणि म्हणाली की अजमोदा माझ्या परसात आहे, मी आणून देईन, आणि आईने एकटीने मुलाचं ताट मांडायचं नसतं, शुक्रवारी आम्ही बायका येऊ. मी तोंड उघडायला हवं होतं ना, आर्गिरी? तिथेच. त्या रांगेसमोर. माझ्या पर्समध्ये तुझं मे महिन्यातलं कार्ड होतं, परदेशातल्या त्या वार्ना बंदराच्या बागेचं चित्र असलेलं, पाठीमागे तुझं ते वाकडं अक्षर. तू जिवंत आहेस, जहाजांची इंजिनं दुरुस्त करतोस, गुडघा दुखतो. हे जगात फक्त मला ठाऊक. आणि मी साबणाच्या वडीचे पैसे दिले आणि बाहेर आले.

मी काम करते त्या फार्मसीत तुझं पहिलं कार्ड आलं तेव्हापासून मी तोंडाला कुलूप लावलं आहे. तू लिहिलं होतंस, आईला सांगू नकोस, बाबांना तर नाहीच. सांगितलंस तर यापुढे लिहिणार नाही. मी घाबरले. वर्षाकाठी एक कार्ड, तेही गेलं असतं. त्या दिवशी जहाजाच्या टाकीत बाबा वेल्डिंग करत होते आणि आगीवर पहारा करायचं काम तुझं होतं, आणि तू कॉफी आणायला वर गेलास. टाकीत आग लागली आणि बाबांचा एक डोळा गेला. ते हॉस्पिटलातून आल्यावर पहिलं वाक्य बोलले, की मीच त्याला कॉफीला पाठवलं होतं. तोवर तुझी खोली रिकामी होती. मी तुला ते कळवलं, तर तुझं उत्तर आलं, म्हातारा मला वाचवण्यासाठी खोटं बोलतो. असेल. नसेल. सहा वर्षं ते बाल्कनीत बसून रस्ता बघत होते, आणि मी आतून त्यांची पाठ बघत होते, पर्समध्ये तुझा पत्ता ठेवून. मग ते गेले. मी तुला तार केली, पत्र लिहिलं, वार्नाहून बस एका दिवसात पोचते हेही लिहिलं. तू आला नाहीस. तुझ्यावर मी तेव्हा जितकी चिडले तितकी आयुष्यात कुणावर चिडलेली नाही, आणि तुला मी ते कधी लिहिलं नाही, का तर कार्ड बंद होईल. आज लिहिते.

बुधवारी चढ चढताना मी आईला थांबवलं. विचारलं, कुणी सांगितलं तुला तो गेला म्हणून? म्हणाली, कुणी नाही. पेरामाच्या आपल्या देवळातल्या धर्मगुरूंकडे, पापांकडे, ती गेली होती म्हणे वसंतात, त्यांनी साफ नाही म्हटलं, मरणाची बातमी नाही आणि मी नाव कसं वाचू. म्हणून हे बेट. इथल्या म्हाताऱ्या पापांना काय माहीत! मी म्हटलं, अगं, पण जिवंत असला तर? ती पिशव्या खाली ठेवून भिंतीला टेकली. वारा असा होता की तिचा रुमाल तोंडावर येत होता.

"जिवंत असेल तर बापाच्या मातीलाही न येणारा मुलगा मी जन्माला घातला," ती म्हणाली. "मेला असेल तर तो चांगला होता, येऊ शकला नाही एवढंच. मी खूप विचार केला, पोरी. तो चांगला होता."

आता सांग, यावर मी काय बोलणार होते? खरं सांगितलं तर तिचा चांगला मुलगा मी मारते. नाही सांगितलं तर ती जिवंत मुलगा पुरते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी पिशव्या उचलल्या आणि वर आले. त्या दिवशी मी चौथ्यांदा सुपरमार्केटला गेले, काही नको असताना, आणि डब्यातल्या मक्याच्या दाण्यांसमोर उभी राहून रडले.

शुक्रवारी बायका आल्या. कालियोपी, तिची जाऊ, आणि कोपऱ्यावरची बेकरीवाली. गहू उकडून चादरीवर पसरले, बदाम सोलले, अजमोदा इतकी बारीक चिरली की बोटं हिरवी झाली. त्या आईला तुझ्याबद्दल विचारत होत्या आणि आई सांगत होती. आर्गिरी, तू किती गुणी होतास ते मला शुक्रवारी कळलं! मांजरांना जेवू घालायचास, शेजारच्या म्हातारीचं पाणी भरायचास, कधी उलटून बोलला नाहीस. ज्या माणसाने माझी सायकल विकून सिगरेटी ओढल्या तो कुठे गेला, असं विचारावंसं वाटलं. बायका डोळे पुसत होत्या, आई मात्र कधी नव्हे इतकी मोकळी झाली होती. जावेने विचारलं, कसा गेला? आई म्हणाली, समुद्रात. सगळ्यांनी माना हलवल्या. या बेटावर याहून जास्त कुणी विचारत नाही.

मग ताट झालं. वर साखरेचा थर थापून गुळगुळीत केला, आणि आईने चंदेरी गोळ्यांची पिशवी माझ्या हातात दिली. बाबांच्या नावाचं पहिलं अक्षर तिने स्वतः मांडलं, तुझं मला मांडायला सांगितलं. बहीण आहेस, म्हणाली. मी तुझ्या 'A'ची एक तिरकी रेघ केली, दुसरी केली, आणि मधली आडवी माझ्याने होईना. कालियोपीला वाटलं, मला दुःख आवरत नाही. तिने पूर्ण केलं. नंतर आईचा चष्मा सापडेना, म्हणून पापांना द्यायच्या नावांचा कागद तिने मला लिहायला सांगितला. एक जिवंतांचा, एक मेलेल्यांचा. मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून लिहिले. मेलेल्यांच्या कागदावर बाबांचं नाव, माथियोस. जिवंतांच्या कागदावर आईचं पोलिक्सेनी, माझं मारियान्थी, आणि आर्गिरिस. मला धीर नव्हता रे तोंडाने सांगायचा. म्हटलं, पापा पुटपुटतील, आईला ऐकू येईल न येईल, निदान मी खोटं लिहिलेलं नसेल.

पण पापा निकोदिमोस ऐंशीचे आहेत आणि बहिरे आहेत. बहिरी माणसं कशी वाचतात तुला माहीत आहे. काल सकाळी देवळात त्यांनी जिवंतांची नावं अशी वाचली की बंदरावर ऐकू जावीत. "आर्गिरिस" म्हटलं आणि आईची मान वर झाली. मग मेलेल्यांच्यात फक्त "माथियोस" आलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि कालियोपी, भल्या मनाची बाई, पुढे जाऊन पापांच्या कानात ओरडली, "पापा, कागदांची अदलाबदल झाली, आर्गिरिस गेलाय, मुलगा गेलाय त्यांचा!" पापांनी चष्मा सावरला, पेन काढलं, आणि तुझं नाव इकडून खोडून तिकडे लिहायला वाकले.

तेव्हा मी बोलले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "पापा, खोडू नका. कागद बरोबर आहे. माझा भाऊ जिवंत आहे."

जिने शुक्रवारी तुझ्यासाठी बदाम सोलले ती बेकरीवाली तोंडावर हात ठेवून उभी. आई ताटापाशी गेली, आणि तुझ्या अक्षरावर तळहात ठेवून साखर हळूहळू सारखी केली, पांघरूण नीट करावं तशी. बाबांचं अक्षर राहिलं. पापांनी बाबांसाठी प्रार्थना म्हटली. नंतर वाटायची वेळ आली तर कुणी पुढे येईना, कारण असं ताट कसं घ्यायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली कालियोपीच आली. तिने पुडी घेतली, म्हणाली, देव माथियोसला क्षमा करो. मग माझ्याकडे बघून म्हणाली, आणि त्या दुसऱ्यालाही, असेल तिथे.

बाहेर पायरीवर आईने एकच विचारलं, कधीपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, नऊ वर्षं. तिने मान डोलावली आणि एकटी चालू लागली. दुपारी मी उठून बघते तर खोलीत नाही. किनाऱ्यावर गेले, देवळात गेले, बंदरावर गेले. बोट लागली होती, वारा पडला होता, लोक टोमॅटोच्या पेट्यांवर तुटून पडले होते. सुपरमार्केटमध्ये गर्दी. आई रिकामी ढकलगाडी घेऊन तिन्ही ओळींतून फिरत होती, इकडून तिकडे, पुन्हा इकडे, आणि काही घेत नव्हती. मला बघितल्यावर मॅकरोनीच्या फळीपाशी थांबली.

"तो जिवंत आहे, म्हणजे तो वाईट आहे," ती म्हणाली. लोक बघत होते, तिला पर्वा नव्हती. "तीन वर्षं मी चांगल्या मुलाची आई होते. आता मला वाईट मुलाची आई व्हायचंय आणि मला सवय नाही, मारियान्थी. काय करतात अशा आया? त्यांना काय विकत घ्यावं लागतं?" मी तिला धरायला गेले तर तिने माझा हात झटकला. माझ्यावरचा राग वेगळा आहे, म्हणाली, तो घरी गेल्यावर. मग गाडीचा दांडा न सोडता तिने तुझा पत्ता मागितला. मी दिला. पर्समधलं सोडून तुझी बाकीची आठ कार्डं घरी कुठे ठेवली आहेत तेही सांगितलं. मी शब्द मोडला, आर्गिरी. आता तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. माझ्याकडचं जे जायचं होतं ते गेलं, आणि खरं सांगू, काल मी पहिल्यांदा झोपले.

आता ते वाक्य, जे तिने पत्ता पर्समध्ये ठेवताना मला सांगितलं आणि जे तुला जसंच्या तसं लिही म्हणाली. चौदा तारखेला संध्याकाळी देवळात पाच पावांची पूजा आहे, तिथे फक्त जिवंतांची नावं वाचतात. कागद दुपारपर्यंत द्यायचे असतात. पत्र उद्याच्या बोटीने कुरियरने निघेल, म्हणजे तुझ्याकडे आठवडाभरात पोचेल. दुकानाच्या फोनचा नंबर पाकिटाच्या मागे आहे, आणि कालियोपी म्हणते, केव्हाही कर, मी हाक मारून बोलावेन. आई म्हणाली, "त्याला लिही, मेलेल्यांच्या ताटावरून मी त्याचं अक्षर पुसलंय, पण जिवंतांच्या कागदावर मी आपल्या हाताने लिहिणार नाही. ते त्याने स्वतः येऊन लिहावं. आधी मी त्याच्या एक थोबाडीत मारीन, मग त्याला पेन देईन."

तुझी, राग आहे तरी तुझीच,
मारियान्थी